पुंडूमास्तरांचा शेरा

"दाबलंस का?" चारुशीलाबाईंनी विचारलं.

"दाबलं. करा सुरू."

"लाल दिवा लागलाय?"

"लागलाय हो बाई. चौतीस वर्षं टेलिफोन खात्यात काढलीत मी. एक बटण दाबता येतं मला."

एरवी त्या हसल्या असत्या. त्या दिवशी नाही. गळ्याभोवतीचा रुमाल सोडून त्यांनी मांडीवर घेतला, घडी घातली, पुन्हा उलगडला. थायरॉइडची गाठ काढून सात महिने झाले होते आणि त्या सात महिन्यांत बाई गायल्या नव्हत्या. देवापुढेसुद्धा नुसतं पुटपुटायच्या. चौऱ्याहत्तर वय. विश्रामबागेतला दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट, सकाळचे साडेनऊ, खाली भाजीवाला मेथीच्या नावानं ओरडत होता. तो पुढच्या गल्लीत जाईपर्यंत त्या थांबल्या आणि मग तानपुऱ्याच्या यंत्राकडे बघून मान हलवली.

भैरवीतलं पद होतं, बाईंच्या जुन्या नाटक मंडळीच्या खेळात शेवटी यायचं ते. लहानपणापासून ऐकलेलं, मला शब्द न् शब्द पाठ. आवाज खाली जाड झाला होता, दम पुरत नव्हता, पण शब्द अजून तसाच टाकत होत्या, एखाद्यानं जपून पाट मांडावा तसा. अंतऱ्याला वरच्या 'सा'वर गेल्या आणि सूर निसटला. केसभर खाली राहिला. त्यांनी तो ओढून वर घेतला, धरला, आणि पद पुरं केलं. माझे डोळे भरून आले होते. मी काही लगेच रडणारी बाई नाही.

"पुन्हा एकदा घ्यायचं का?" मी म्हटलं. "वरच्या 'सा'ला जरासं..."

"ऐकू आलं ना तुला? मग त्यालाही येईल. नको. हेच जाऊ दे."

"वन्समोअर समजा."

"वन्समोअर मागायचा असतो, सुनीती. घ्यायचा नसतो."

त्याला म्हणजे पुंडूमास्तरांना. पुंडलिक कवळेकर, गोव्यात माशेलला राहायचे. बाई आनंदविलास नाटक मंडळीत नायिका होत्या तेव्हा बावीस वर्षं ते त्यांच्या साथीला ऑर्गनवर होते. मंडळी बंद पडल्यावर ते गावी गेले, बाई सांगलीत राहिल्या, आणि दोघांत दिवाळीच्या पत्रापलीकडे काही उरलं नाही. मास्तरांना कमी ऐकू यायला लागलं तसा फोनही बंद झाला. कानातलं यंत्र फोनजवळ नेलं की शिट्टी मारायचं. मोठे हेडफोन लावून मात्र त्यांना सगळं ऐकू यायचं.

त्या दोघांना पुन्हा बोलतं केलं ते मी, हेही सांगून टाकते. निवृत्तीनंतर मी 'नांदी' सुरू केलं होतं. म्हणजे फेसबुकसारखंच, फक्त त्याला एक मालक नाही. ज्याला वाटेल त्यानं आपलं घर बांधावं, आपली माणसं आत घ्यावीत, आणि घराघरांतून बोलणं चालू राहावं. आमच्या एक्स्चेंजसारखं. सांगलीचं एक्स्चेंज वेगळं, मडगावचं वेगळं, पण ट्रंक लाइन जोडलेली असली की इकडचा तिकडच्याशी बोलतो. माझ्या घरात नाट्यसंगीताचे वेडे, तीनशेच्या आसपास. पुण्याचं एक घर होतं, नागपूरचं एक, आणि गोव्याचं 'मांड' म्हणून होतं. जुनी गाणारी मंडळी आणि त्यांचे चाहते, सगळे तिथे. कोणी जुनी ध्वनिफीत टाकायचं, कोणी नाटकाची जाहिरात, आणि मग दिवसभर भांडणं. मास्तरांना मात्र मी माशेलला जाऊन स्वतः माझ्याच घरात खातं काढून दिलं होतं. ते एका बोटानं टाइप करायचे. पहिलाच निरोप बाईंना होता: "चारू गो, जिवंत आहेस?"

त्यानंतर वर्षभर रोज दोघांचं चाललेलं असायचं. चारचौघांत नाही, आपापसात. बाई मला वाचून दाखवायच्या.

"मास्तर काय म्हणतात?" मी विचारायची.

"काय म्हणणार? एकोणऐंशी साली कोल्हापूरला मी तिसऱ्या अंकात लय ओढली होती म्हणे. आता आठवलं त्याला."

हे मास्तरांचं असं होतं, आणि ते सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. खेळ संपला की ते विंगेत यायचे आणि बाईंना एक चूक सांगायचे. एकच. "दुसऱ्या कडव्याला घाई केलीस." "आज गंधार रुसला होता." बावीस वर्षांत एकदाही 'वा' म्हणाले नाहीत. थिएटर डोक्यावर घेतलेलं असो, पाच वन्समोअर मिळालेले असोत, मास्तर चूक काढणार. आणि बाई त्या चुकीची वाट बघत उभ्या राहायच्या.

"चूक सांगितली ना, की समजायचं गाणं जिवंत आहे," बाई म्हणाल्या होत्या मला. "दुरुस्त होण्यासारखं आहे म्हणून तर सांगतो. ज्यांचं संपलं त्यांना तो काही म्हणत नसे. गप्प राहायचा, चहा प्यायचा आणि जायचा. किंवा मग गोड बोलायचा. आमच्यात तिघांच्या बाबतीत झालं असं. तिघंही त्याच मोसमात मंडळी सोडून गेले."

"भलतंच काहीतरी. एका ऑर्गनवाल्याच्या म्हणण्यावर?"

"तुला नाही कळायचं ते."

एप्रिलात मंडळीच्या आठवणींचा एक कार्यक्रम ठरला होता. तो करणाऱ्या संस्थेची माणसं दोनदा येऊन गेली होती: बाई, एक पद, बसून गा, पण गा. बाईंनी त्यांना सांगितलं, महिनाभर थांबा. मला खरं कारण ठाऊक होतं. त्या एक पद 'नांदी'वर टाकणार होत्या. पुंडूनं चूक काढली तर एप्रिलात उभं राहायचं. नाही काढली तर विषय संपला, पुन्हा तोंड उघडायचं नाही. दुसऱ्या कोणाला त्या विचारणार नव्हत्या. आणि मास्तरांनाही विचारणार नव्हत्या. "मागून घेतलेला शेरा काय कामाचा?" म्हणाल्या. पद टाकणार आहे एवढंच त्यांनी मास्तरांना कळवलं होतं, आणि शेरा येईपर्यंत आपण काही लिहायचं नाही असं ठरवलं होतं.

तर त्या सकाळी मी पद चढवलं. दुपारपर्यंत दीडशे जणांनी ऐकलं, संध्याकाळपर्यंत दोनशे बारा. खाली नुसता वन्समोअरचा पाऊस. नागपूरचे एक निवृत्त न्यायाधीश तर दोन वेळा ऐकून रडले म्हणे.

"बघा," मी फोन त्यांच्यापुढे धरला.

"हे लोक मी खोकले तरी वा म्हणतील," बाई म्हणाल्या. "पुंडू?"

"अजून नाही."

"दुपारी झोपतो तो."

दुसऱ्या दिवशी नाही. तिसऱ्या दिवशी नाही. रोजचा साधा निरोपसुद्धा नाही.

त्या आठवड्यात माझंही डोकं ठिकाणावर नव्हतं. पद टाकण्याच्या चारच दिवस आधी माझं मांडवाल्यांशी कडाक्याचं वाजलं होतं. फोंड्याच्या कोणा शहाण्यानं लिहिलं, सांगलीकर नाट्यपदं पाढे म्हटल्यासारखी म्हणतात. मी उत्तर दिलं. त्यानं प्रत्युत्तर दिलं. मी आणखी एक दिलं. मग तो म्हणाला, टेलिफोनच्या तारा जोडणाऱ्या बाईनं सुरांच्या गोष्टी करू नयेत. उचलली जीभ लावली टाळ्याला. मी मांडच्या चालकाला लिहिलं, हे काढा. तो म्हणे, चर्चा आहे, चालायचंच. माझ्या नाकावर माशी बसलेली मला खपत नाही, हे माझी सख्खी बहीणही सांगेल. मी त्या अख्ख्या घराशी संबंध तोडला. तसं बटण असतं. दाबलं की तिकडचं इकडे येत नाही, इकडचं तिकडे जात नाही, आणि कोणाला काही कळतही नाही. दाबण्याआधी यंत्रानं विचारलं होतं, एवढी नाती तुटतील, नक्की का? त्रेसष्ट आकडा होता. कोण त्रेसष्ट ते उघडून बघता आलं असतं. मी बघितलं नाही. नियमाप्रमाणे घरात सूचना लावायची असते, तीही लावली नाही. म्हटलं, येतील आपसूक नाक घासत.

पाचव्या दिवशी बाईंनी विचारलं, "सुनीती, त्याच्यापर्यंत पोचलं असेल ना गं? म्हणजे काही बिघाड वगैरे?"

"बिघाड? माझ्या घरात?" मी म्हटलं. "त्यांचं खातं मी माझ्या हातानं काढलंय. पोचलं म्हणजे पोचलं."

"एकदा बघतेस का?"

"बाई, बघायचं काय त्यात? दोनशे बारा जणांना पोचलं आणि त्यांना एकट्यांना पोचलं नाही, असं कसं होईल?"

त्यांनी मान हलवली. नवव्या दिवशी पुन्हा तेच विचारलं, आणि मी पुन्हा तेच सांगितलं, जरा चिडूनच. त्यानंतर त्यांनी विचारलं नाही.

बाराव्या दिवशी संस्थेचे खाडिलकर सर आले तेव्हा मी तिथेच होते. बाईंनी त्यांना चहा दिला, बिस्किटं दिली आणि सांगितलं, "मला जमणार नाही. दुसरं कोणी बघा."

"अहो बाई, तुमचं ते पद ऐकलं आम्ही. अजून काय हवं?"

"ऐकलंत ना? मग झालं तर."

ते गेल्यावर मी त्यांच्यावर जवळजवळ ओरडलेच. म्हटलं, एक माणूस गप्प बसला म्हणून पन्नास वर्षांचं गाणं फेकून देता? तो काय ब्रह्मदेव लागून गेला?

"बावीस वर्षं माझ्या श्वासावर श्वास घेत होता तो," बाई शांतपणे म्हणाल्या. "मी कुठे थांबणार हे मला कळायच्या आधी त्याला कळायचं. त्याला ऐकून काही बोलावंसं वाटलं नाही, सुनीती. ही गोष्ट मला कळायला नको का?"

त्यांनी तानपुऱ्याचं यंत्र खोक्यात घातलं, वर सुतळी बांधली आणि मला म्हणाल्या, तुझ्या ओळखीत कोणी शिकणारं असेल तर दे. मी खोकं घरी आणलं आणि कपाटात ठेवलं. वाटलं, चार दिवसांत मागतील. मागितलं नाही. मी जायची तेव्हा टीव्हीवर मालिका लावलेली असायची आणि बाई त्या बघत असायच्या. ज्या बाईनं आयुष्यभर जाहिरातीतला बेसूरही सहन केला नाही, ती.

एकतिसाव्या दिवशी, मंगळवारी दुपारी, मला फोन आला. मास्तरांची मुलगी, विभा.

"सुनीतीताई, बाबा काल सकाळी गेले. चारुशीलाबाईंना तुम्ही सांगाल का? मला त्यांच्याशी बोलवणार नाही."

मी जे बोलायचं ते बोलले. महिनाभर अंथरुणावर होते, ती म्हणाली. छातीत पाणी झालं होतं.

"एक विचारू?" ती म्हणाली. "बाईंनी गाणं टाकायचं ठरवलं होतं ना? बाबा रोज विचारायचे. सकाळी उठले की पहिलं, चारूचं गाणं आलं? मी हेडफोन उशाशीच ठेवले होते. टाकलंच नाही का त्यांनी?"

"आलं नाही म्हणजे?" मी म्हटलं. "विभा, त्यांचं खातं माझ्याकडे..."

"नाही ताई. दिवाळीत मी त्यांचं बिऱ्हाड मांडवर हलवलं. तिथे कोकणीत बोलणारे बरेच आहेत, त्यांना करमायचं. तुम्हाला कळलं नव्हतं?"

असं हलवता येतं. कोणाला सांगावंही लागत नाही. ओळखीची माणसं आपोआप नव्या पत्त्याला जोडली जातात, बोलणं चालू राहतं. हे मला माहीत होतं. माझ्या घरातून कोण गेलं याची यादीही माझ्याकडे असते. मी ती कधी उघडली नव्हती. त्या त्रेसष्टांत एक मास्तर होते.

गाण्याचं काही न सांगताच मी फोन ठेवला, मांडवर गेले आणि मास्तरांचं पान उघडलं. बाईंना नेहमीसारखं लिहून उत्तर येईना, तेव्हा त्यांनी ते चारचौघांत लिहिलं होतं, कुठून तरी दिसेल म्हणून. पाच निरोप होते.

"चारू गो, गाणं खंय?"

"घाई नाही. गळा तापू दे आधी."

"रागावलीस काय? कोल्हापूरचं बोललो म्हणून?"

"नाही गायलीस तरी चालेल. पण कळव."

शेवटचा आठवड्यापूर्वीचा होता. "चारू, मी ऐकतोय."

मी ते बटण उलटं फिरवलं. त्यानं आता काय होणार होतं? गेलेले निरोप मागून येत नाहीत. टेबलाशी बसून मी स्वतःला इतक्या शिव्या घातल्या की तेवढ्या त्या फोंडेकरालाही घातल्या नव्हत्या. मग तोंड धुतलं, साडी बदलली, फोन पर्समध्ये टाकला आणि बाईंकडे निघाले. सगळं सांगायचं असं ठरवून निघाले होते, हे मी आजही शपथेवर सांगेन. फोनमध्ये ते पान उघडंच ठेवलं होतं. कार्यक्रमाला अजून अठरा दिवस होते.

बाईंनी दार उघडलं, माझा चेहरा बघितला आणि म्हणाल्या, "पुंडू?"

"काल सकाळी."

त्या खुर्चीवर बसल्या. टीव्ही चालू होता, तो मी बंद केला. त्यांनी गळ्याभोवतीचा रुमाल सोडून हातात घेतला. मग म्हणाल्या, "महिनाभर आधी ऐकलं त्यानं माझं. तेवढ्यातच आजारी पडला असेल."

हीच वेळ होती. नुसतं म्हणायचं होतं, बाई, त्यांनी ऐकलं नाही. त्यांच्यापर्यंत गेलंच नाही, मी तोडलं होतं. एवढंच. चार शब्दांचं काम. पण त्या माझ्याकडे बघत होत्या आणि माझी जीभ वळेना. एका उपटसुंभानं मला टेलिफोनवाली म्हटलं म्हणून मी या दोघांना शेवटच्या महिन्यात तोडलं, आणि वर दोनदा छाती ठोकून सांगितलं की माझ्या घरात बिघाड नसतो. हे तोंडानं कसं सांगायचं? आणि शिवाय मला त्यांना काहीतरी द्यायचं होतं. काहीतरी चांगलं.

"बाई," मी म्हटलं, "विभाचा फोन होता. मास्तरांनी ऐकलं होतं. बोलताबोलता तिला म्हणालेही होते. हात चालत नव्हता म्हणून लिहिता आलं नाही, एवढंच."

त्यांनी एकदम मान वर केली. इतक्या दिवसांत त्यांच्या चेहऱ्यावर असं काही मी पाहिलं नव्हतं. पुढे सरकल्या, माझं मनगट धरलं.

"काय म्हणाला? नेमकं काय म्हणाला?"

"छान झालं म्हणाले," मी म्हटलं. "फार छान गायली चारू, म्हणाले."

त्यांचा हात माझ्या मनगटावर तसाच होता, पण त्यातला जोर गेला. ते मला आधी कळलं आणि मी काय केलं ते नंतर. वरचा सा. केसभर खाली गेलेला तो वरचा सा मी माझ्या कानांनी ऐकला होता, तोंडानं बोलूनही दाखवला होता. तेवढं म्हटलं असतं, वरचा सा निसटला म्हणाले, तर ही बाई त्याच दिवशी यंत्र मागायला माझ्या घरी आली असती. इतकी वर्षं त्यांच्या पायाशी बसून मला खोटंही धड बोलता आलं नाही.

"छान," बाई म्हणाल्या.

"बाई, म्हणजे त्यांना..."

"असू दे गं. शेवटी गोड बोलला बिचारा. तेवढं मन राखलंन." त्यांनी पदरानं डोळे पुसले. "मी उगीच आशेवर होते. गप्प राहिला तेव्हा वाटायचं, कोण जाणे, ऐकलंच नसेल."

मी पर्सवर हात ठेवून बसले होते. आत ते पान उघडं होतं. त्या उठल्या, चहा टाकला, दोघींनी प्यायला. त्यांनी मास्तरांच्या एकदोन गोष्टी सांगितल्या, मी हं हं म्हटलं. निघताना त्या म्हणाल्या, "ते माझं खातं आहे ना, ते पुसून टाक. गाण्यासकट. त्याच्यासाठी टाकलं होतं, त्यानं ऐकलं. काम झालं."

"राहू दे की बाई. लोक ऐकतात."

"नको. पुंडूला जे दयेनं छान म्हणावं लागलं ते चार लोकांत कशाला? आत्ता टाक. माझ्यासमोर."

मी पुसलं. त्यांच्या फोनमधलंही पुसलं, कारण त्या शेजारी उभ्या होत्या. खातं पुसलं की घराघरांत निरोप जातो, आणि जिथे जिथे ते गाणं गेलं होतं तिथून तिथून ते निघून जातं. पाच मिनिटांत पुण्याहून गेलं, नागपूरहून गेलं.

एप्रिलातल्या कार्यक्रमाला बाई प्रेक्षकांत बसल्या. त्यांचं पद पुण्याच्या एका मुलीनं म्हटलं. त्यानंतर दोन वर्षं होत्या बाई, पण गायल्या नाहीत. मी दर मंगळवारी जायची. दर मंगळवारी आज सांगू म्हणून जायची आणि मालिकेबद्दल बोलून परत यायची. शेवटच्या दिवसांत हॉस्पिटलात त्यांनी एकदा विचारलं, "सुनीती, मी खरंच इतकी वाईट गायले होते का गं?" मी म्हटलं, नाही हो बाई, छान गायला होतात.

त्या गेल्यावर महिन्याभरानं विभाचं पत्र आलं. मास्तरांच्या स्मृतीसाठी माशेलला छोटा कार्यक्रम करणार होते, जुन्या ध्वनिफिती लावणार होते. तिनं लिहिलं होतं, "ताई, मनाला एक चुटपुट आहे. बाबा वाट बघत गेले. बाईंनी ते पद कधी म्हटलं असेल, नंतर का होईना, आणि तुमच्याकडे असेल, तर पाठवा. नसेल तर तसं कळवा, म्हणजे मी शोधायचं थांबवेन."

दोन दिवस मी ते पत्र टेबलावर ठेवलं. तिसऱ्या दिवशी उत्तर लिहिलं. लिहिलं, की बाईंनी ते पद कधी म्हटलंच नाही.